पाणबुड्याचा अंगरखा

वस्त्रांचा इतिहास लिहिणारे बहुधा राजदरबार, देवालये आणि विवाहमंडप यांच्याकडे पाहून लिहितात. पैठणीचा काठ, पगडीचा पेच, अंगरख्याचे बंद यांविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते वाचनीयही आहे. परंतु जे वस्त्र शोभेसाठी नव्हे, लज्जारक्षणासाठीही नव्हे, तर मनुष्यास परक्या सृष्टीत तासभर सावध व कार्यक्षम ठेवण्यासाठी निर्माण झाले, त्याचा इतिहास आपल्या वाचनात क्वचितच येतो. पाणबुड्याचा रबरी अंगरखा, ज्यास आज सर्वत्र वेटसूट म्हणतात, हे असे एक वस्त्र होय. त्याची कथा म्हणजे एका अगदी स्वाभाविक वाटणाऱ्या पण चुकीच्या समजुतीची कथा आहे. ती समजूत शंभराहून अधिक वर्षे टिकली. आणि ती ढासळली तेव्हा रसायनशास्त्रज्ञाइतकेच महत्त्व शिंप्याच्या फितीस आले.

नागपूरच्या उत्तरेस कोलार आणि कन्हान या नद्यांच्या परिसरात वसलेल्या खापरखेड्याच्या वाचकास समुद्रातील या वस्त्राचे काय कौतुक, असा प्रश्न कोणी विचारील. त्यास दोन उत्तरे आहेत. पहिले असे की, आज विदर्भातील मुलेमुली सुट्टीत मालवण-तारकर्लीस जातात, पाण्याखालील सृष्टी पाहून येतात, आणि त्यांतील एखाद्यास या विद्येची खरी गोडी लागली म्हणजे स्वतःचा पोशाख घेण्याची वेळ येते. अशा वेळी सदरा घ्यावा त्याप्रमाणे 'मध्यम' किंवा 'मोठा' असे माप सांगून पोशाख मागविला जातो आणि पैसे पाण्यात जातात, ते शब्दशः. दुसरे उत्तर असे की, ज्या द्रव्याचा हा पोशाख होतो त्याचा वंशवृक्ष कोळसा आणि वीज यांच्यापर्यंत जाऊन पोहोचतो. आणि सिलेवाड्याच्या खाणींशेजारी, १३४० मेगावॅट क्षमतेच्या औष्णिक विद्युत केंद्राच्या धुराड्यांखाली राहणाऱ्या गावास या दोहोंची ओळख करून देण्याचे कारण नाही.

प्रथम शत्रू कोण, हे पाहू. समुद्रात उतरणाऱ्याचे मुख्य भय गुदमरण्याचे, असे आपण समजतो. श्वासाची सोय एकदा झाली म्हणजे मात्र दुसरा शत्रू पुढे येतो, तो म्हणजे गारठा. पाणी हे हवेच्या सुमारे पंचवीसपट उष्णतावाहक आहे. अठ्ठावीस अंशांची हवा आपणांस सुखकर वाटते. परंतु अठ्ठावीस अंशांच्या पाण्यात स्थिर राहिलेल्या मनुष्याच्या सदतीस अंशांच्या देहातून उष्णता अखंड वाहून जात असते. प्रथम बोटांचे कौशल्य जाते, मग अंगास कापरे भरते, आणि गारठा वाढत गेला तर विचारशक्तीही मंदावते. हे शेवटचे लक्षण सर्वांत घातक होय. कारण नळकांड्यात हवा किती उरली, खोली किती, वेळ किती झाला, याचा हिशेब पाण्याखाली ज्याचा त्यानेच ठेवावयाचा असतो.

मनारच्या आखातात शतकानुशतके मोती काढणारे पाणबुडे उघड्या अंगानेच बुडत. पायाशी दगड, कमरेस दोर, गळ्यात जाळीची पिशवी, आणि छातीत भरून घेतलेला एक श्वास, एवढीच त्यांची सामग्री. बुडी मिनिटाच्या आसपास टिके. मग वर येऊन उन्हात अंग शेकता येई. अशा माणसास पोशाखाची गरज भासत नसे, कारण त्याचा श्वासच गारठ्याआधी संपे. श्वास लांबला तेव्हा वस्त्राचा प्रश्न उत्पन्न झाला.

श्वास लांबविण्याचे पहिले यशस्वी साधन एकोणिसाव्या शतकात इंग्लंडात सिद्ध झाले. १८२३ साली चार्ल्स डीन याने आगीच्या धुरात शिरण्यासाठी एका शिरस्त्राणाचे पेटंट घेतले. पुढे त्याने व त्याचा बंधू जॉन याने तेच शिरस्त्राण पाण्याखाली नेले. त्याच १८२३ साली मॅकिन्टॉश याने दोन कापडांमध्ये रबराचा थर देऊन जलाभेद्य वस्त्र करण्याची युक्ती पेटंट केली. या दोन धाग्यांची गाठ मारली ती जर्मनीत जन्मून लंडनमध्ये स्थायिक झालेल्या ऑगस्टस सीबे याने. डीन बंधूंच्या पोशाखात पाणबुडा वाकला म्हणजे खालून पाणी शिरे. सीबेने १८३७ च्या सुमारास शिरस्त्राण व पोशाख एकमेकांस जोडून तो सर्व बाजूंनी बंद केला. १७८२ साली स्पिटहेड येथे बुडालेल्या 'रॉयल जॉर्ज' या युद्धनौकेचे अवशेष काढण्याचे काम १८३९ पासून कर्नल पास्ली यांच्या देखरेखीखाली चालले, तेथे या बंद पोशाखाची खरी परीक्षा झाली. तांब्याचे शिरस्त्राण, रबरी कापडाचा झगा आणि शिशाच्या तळव्यांचे जोडे घातलेली ती अवजड मूर्ती पुढे शंभर वर्षे जगभरच्या बंदरांत पाणबुड्याचे प्रतीक होऊन राहिली.

या पोशाखामागील तत्त्व एका वाक्यात सांगता येते : पाण्यास अंगाशी येऊ देऊ नये, म्हणजे अंग गरम राहील. आत पाणबुडा लोकरीचे दोन-दोन, तीन-तीन कपडे घाली आणि वरून हा झगा चढवी. झगा ढगळ असला तरी बिघडत नसे. किंबहुना ढगळच हवा, कारण आत लोकर आणि हवा मावली पाहिजे. त्यामुळे या युगात शिंप्यास काही काम नव्हते. दोन-चार मापांत सर्वांचे भागत असे, आणि एकच पोशाख पाळीपाळीने अनेकांनी घातला तरी चाले. पाणबुडा समुद्राच्या तळावर चालत होता, पोहत नव्हता; नळीने आणि दोराने तो वरच्या नावेस बांधलेला होता. त्याचा देह कसा आहे याच्याशी वस्त्रास कर्तव्य नव्हते.

हे चित्र पालटले १९४३ साली. फ्रेंच नौदलातील अधिकारी जॅक कूस्तो आणि अभियंता एमिल गान्यां यांनी, युद्धकाळी गॅसवर चालणाऱ्या मोटारींसाठी केलेल्या झडपेत फेरफार करून, पोहणारा जितकी ओढील तितकीच हवा त्यास देणारे यंत्र तयार केले. पाठीवर दाबलेल्या हवेची नळकांडी, तोंडात झडप. दोर नाही, नळी नाही. मनुष्य प्रथमच पाण्याखाली माशाप्रमाणे मोकळा झाला. पण मोकळा झाला तसा उघडाही पडला. तांब्याच्या शिरस्त्राणाचा झगा घालून पोहता येईना. महायुद्धात नौदलांनी आपल्या जलसैनिकांसाठी पातळ रबराचे अंगासरसे पोशाख केले, पण तत्त्व जुनेच राहिले : आत लोकर, बाहेर रबर, आणि मानेशी व मनगटांशी घट्ट पट्टे. खडकावर रबर किंचित फाटले की गार पाणी आत शिरे, लोकर भिजे, आणि सगळी ऊब एका क्षणात नाहीशी होई. कोरडे राहण्यावर सारी मदार ठेवली म्हणजे एक छिद्रही घात करते.

या कोंडीतून वाट काढली ती एका पदार्थविज्ञानवेत्त्याने. ह्यू ब्रॅडनर हे महायुद्धात लॉस अलामॉस येथील अणुबाँबच्या योजनेत काम केलेले आणि पुढे बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात असलेले शास्त्रज्ञ. नौदलाच्या पोहणाऱ्यांचा गारठ्यापासून बचाव कसा करावा याचा विचार करीत असता १९५१ साली त्यांनी मूळ प्रश्नच उलटा केला : ऊब राहण्यासाठी मनुष्य कोरडा असलाच पाहिजे काय? त्यांचे उत्तर नकारार्थी होते. ओले होणे आणि गार होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. वस्त्राच्या अंगातच पुरेसे हवेचे बुडबुडे कोंडलेले असतील, तर वस्त्र आणि त्वचा यांमध्ये थोडे पाणी शिरले तरी चिंता नाही. देह ते पाणी लवकरच तापवील, आणि बुडबुड्यांचा थर ती ऊब बाहेर जाऊ देणार नाही. आपल्या घरच्या गोधडीचे तत्त्व याहून वेगळे नाही. गोधडी ऊब देते ती तिच्या थरांत अडकून पडलेल्या स्थिर हवेमुळे. थर पिळून काढून तीच लुगडी अंगावर टाकली तर थंडी वाजेल. ब्रॅडनर यांनी जणू रबराची गोधडी करावयाचे ठरविले. त्यासाठी बंद बुडबुड्यांचे निओप्रीन वापरावे, ही सूचना त्यांचे सहकारी विलर्ड बॅस्कम यांची.

येथे क्षणभर थांबून निओप्रीनची कुळी पाहू. अमेरिकेतील ड्यू पाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत वॉलेस कॅरोदर्स यांच्या हाताखाली काम करणाऱ्या आर्नल्ड कॉलिन्स यांस १९३० साली हे कृत्रिम रबर सापडले, आणि १९३१ साली ते जगापुढे आले. ज्युलियस न्यूलंड नामक एका धर्मोपदेशक-रसायनज्ञाने ॲसिटिलीन वायूवर केलेले संशोधन त्याच्या मुळाशी होते. ॲसिटिलीन येतो कार्बाइडपासून, आणि कार्बाइड होतो विजेच्या भट्टीत कोळसा व चुना एकत्र तापवून. आंबे पिकविण्यासाठी चोरून वापरल्या जाणाऱ्या ज्या कार्बाइडविषयी आपण दर उन्हाळ्यात ऐकतो, तोच हा. म्हणजे कोळसा, चुनखडी, मीठ, पाणी आणि वीज यांतून समुद्राचे हे वस्त्र निघाले. खापरखेड्याच्या परिसरातील कोळसा त्यात गेला असे नव्हे. परंतु ज्या सामग्रीस आपण केवळ बॉयलरचे खाद्य मानतो तिच्या पोटी असेही अपत्य जन्मते, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढे बहुतेक कारखान्यांनी खनिज तेलाचा मार्ग धरला. जपानात मात्र चुनखडीची वाट अद्याप चालू आहे. आज 'चुनखडीचे निओप्रीन' म्हणून जे अधिक मोलाने विकले जाते ते याच जुन्या वाटेचे. त्याचे गुण बुडबुड्यांच्या बारीक व एकसारख्या रचनेवरून पारखावे. नावातील चुनखडीवर भाळून नव्हे.

त्याच प्रयोगशाळेत, त्याच कॅरोदर्स यांच्या देखरेखीखाली १९३५ साली नायलॉन जन्मास आले. १९३७ साली, वयाच्या अवघ्या एकेचाळिसाव्या वर्षी, खिन्नतेच्या विकाराने ग्रासलेल्या या शास्त्रज्ञाने आपला अंत करून घेतला. पुढे निओप्रीनच्या पत्र्यावर नायलॉनचे अस्तर चिकटविण्याची युक्ती निघाली. त्यापूर्वी नुसते रबर अंगावर चढविताना भुकटी फासावी लागे आणि तरी ते फाटे. अशा रीतीने एका प्रयोगशाळेची ही दोन भावंडे त्यांच्या जनकाच्या पश्चात पाणबुड्याच्या अंगावर एकत्र आली.

ब्रॅडनर यांस या शोधाने द्रव्य मिळाले नाही. त्यांनी पेटंट घेतले नाही. आणि नौदलाने, बुडबुड्यांमुळे आपले पोहणारे शत्रूच्या ध्वनिशोधक यंत्रास सापडतील या शंकेने, तो पोशाख स्वीकारला नाही. जे सेनापतींनी नाकारले ते समुद्रकाठच्या दुकानदारांनी उचलले. सॅन फ्रान्सिस्को येथे जॅक ओनील, दक्षिण कॅलिफोर्नियात बेव्ह मॉर्गन आणि मायस्ट्रेल हे जुळे बंधू यांनी १९५० नंतरच्या दशकात असे पोशाख कापून, चिकटवून, शिवून विकावयास आरंभ केला. मायस्ट्रेल बंधूंनी पुढे आपल्या मालास जे नाव दिले त्याचा अर्थ 'अंगाचा हातमोजा' असा होतो. त्या नावातच नव्या युगाचे सूत्र आले आहे.

ते सूत्र असे. कोरड्या झग्याच्या युगात वस्त्र ढगळ चालत होते. ओल्या अंगरख्याच्या युगात ढगळ वस्त्र निरुपयोगी झाले. आतील पाण्याचा थरच ऊब देतो, असे पुष्कळ लोक सांगतात. ते बरोबर नाही. ऊब राखतात ते रबरातील बुडबुडे. आतील पाण्याविषयी अट एवढीच की, ते थोडे असावे आणि जागचे हलू नये. कमरेच्या मागील खळगा, काखा, मांड्यांचा सांधा, मान, या ठिकाणी पोशाख अंगापासून सुटला असेल तर हात हलविताच जुने कोमट पाणी बाहेर फेकले जाते आणि नवे गार पाणी आत ओढले जाते. भात्याने विस्तवास वारा घालावा तसा हा उलटा भाता दर हालचालीस ऊब विझवितो. मग सात मिलिमीटर जाडीचे निओप्रीनही व्यर्थ. उलट पोशाख फार आवळ असेल तर छाती पुरती फुलत नाही, श्वास अपुरा पडतो. आणि गळपट्टी मानेच्या रक्तवाहिन्यांवर दाबली गेली तर घेरी येण्याचाही संभव असतो. म्हणून जाडीचा विचार दुसरा, मापाचा पहिला.

आता तयार मापे ही कोणा एका माणसाची नसतात. ती सरासरीची असतात, आणि सरासरी माणूस प्रत्यक्षात कोठेच भेटत नाही. ज्याची छाती एका मापाची आणि कंबर दुसऱ्या मापाची, जिची उंची कमी पण खांदे रुंद, त्यांस ढगळ सदरा चालतो, ढगळ वेटसूट चालत नाही. अशांनी मापाचाच पोशाख करवावा.

माप देणे हे मात्र आपल्या नेहमीच्या शिंप्याच्या सवयीच्या नेमके विरुद्ध आहे. आपला शिंपी फितीखाली दोन बोटे घालतो, मापात थोडी सैल धरतो आणि शिवणीत माया ठेवतो. पाणबुड्याचा शिंपी माया ठेवीत नाही. तो देहाच्या मापातून काही वजाच करतो, कारण निओप्रीन ताणले जाऊन अंगास बिलगावे अशी त्याची योजना असते. किती वजा करावयाचे हे रबराच्या जातीवर अवलंबून असल्याने तो हिशेब करणाऱ्यावरच सोपवावा. गिऱ्हाइकाने फक्त खरे माप द्यावे. आपणहून एखादा इंच वाढविला किंवा घटविला, तर वजाबाकी दोनदा तरी होते, नाही तर मुळीच होत नाही.

खापरखेड्यात राहून दूरच्या कारखान्याकडे माप पाठविणाऱ्याने काही पथ्ये पाळावीत. माप स्वतः घेऊ नये. गावच्या शिंप्याकडून किंवा घरच्या कोणाकडून, पोहण्याच्या तंग कपड्यांवर, फीत त्वचेस टेकेल पण रुतणार नाही अशा बेताने घ्यावे. छाती, कंबर, सीट यांबरोबर मान, दंड, मनगट, मांडी, गुडघा, पोटरी, घोटा यांचे घेर द्यावेत. खांद्यापासून निघून पायांमधून पुन्हा त्याच खांद्यास येणारे जे पूर्ण फेऱ्याचे माप, ते विशेष काळजीने घ्यावे. शिंप्याच्या भाषेत आसन चुकले तर सारा पोशाख चुकतो. आपल्याकडे फीत इंचांत वाचण्याची चाल आहे, आणि कारखाने बहुधा सेंटिमीटर मागतात. अशा वेळी गुणाकार करीत न बसता फीतच उलटी धरून वाचावी. दोन निरनिराळ्या दिवशी माप घेऊन ताडून पाहावे, आणि वजन उतरविण्याचा संकल्प असेल तर तो सिद्धीस गेल्यावरच माप द्यावे.

शिवणीकडेही लक्ष असावे. साध्या शिवणीत सुई आरपार जाते, आणि प्रत्येक छिद्र पाण्यास वाट देते. उत्तम पोशाखात कडा प्रथम चिकटवून मग वाकड्या सुईने अर्ध्या जाडीतूनच टाका घालतात. लुगड्याच्या काठास तुरपाई करताना बायका जशी कापडाची एक-दोन सुतेच उचलतात, तशीच ही रीत. पोशाख आला म्हणजे तो घालून उकिडवे बसावे, हात वर करावेत, दीर्घ श्वास घ्यावा. जमिनीवर तो किंचित आवळ वाटणे इष्ट. श्वासास अडथळा होणे अनिष्ट.

आपला समुद्र उबदार, मग एवढा खटाटोप कशास, असे कोणी म्हणेल. मालवणास तासाभराची मौज पाहणाऱ्यास भाड्याचा तीन मिलिमीटरचा पोशाख पुरतो, आणि त्याने त्यावर समाधान मानावे. पण पाण्याखाली काम करणाऱ्याची गोष्ट निराळी. १९६६ साली स्थापन झालेल्या आणि आज गोव्यात दोना पावला येथे असलेल्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या पाणबुड्या संशोधकांनी १९८३ पासून डॉ. एस. आर. राव यांच्या नेतृत्वाखाली द्वारकेच्या समुद्रात बांधकामाच्या दगडांचा आणि नांगरांचा शोध घेतला. अशा संशोधकास पोहत राहून अंग तापविता येत नाही. त्यास एका जागी स्थिर राहून फीत लावावयाची, पाटीवर आकृती काढावयाची असते, आणि स्थिर देहास उबदार समुद्रही गारठवितो. शिवाय मालवणच्या खडकांवरील कालवांच्या धारेपासून आणि जेलीफिशच्या दंशापासून अंग झाकणारा पोशाखच वाचवितो. १९८७ साली तेथे सागरी अभयारण्य जाहीर झाले आहे. त्याचा अभ्यास करणारे विद्यार्थी केवळ किनाऱ्याचेच असावेत असे नाही.

या वस्त्रासही मर्यादा आहेत, त्या जाणून असाव्यात. दहा मीटर खाली पाण्याचा दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो आणि बुडबुडे दबून पोशाख पातळ पडतो. म्हणजे जेथे ऊब अधिक हवी तेथेच ती कमी होते, आणि तरंगण्याची शक्तीही घटते. पृष्ठभागाशी त्याच शक्तीस आवरण्यासाठी कमरेस शिसे बांधावे लागते. म्हणून नवा पोशाख आला म्हणजे शिशाचा हिशेबही नव्याने, उथळ पाण्यात, जाणत्याच्या देखरेखीखाली करावा. वापरानंतर तो गोड्या पाण्यात धुवावा, सावलीत वाळवावा, घडी न घालता रुंद खुंटीवर टांगावा. आणि नागपूरकडील वैशाखात तो गच्चीवर किंवा पत्र्याच्या खोलीत तर कधीच ठेवू नये, कारण ऊन व उष्णता रबरास लवकर जर्जर करतात.

असो. सीबेपासून ब्रॅडनरपर्यंत शंभराहून अधिक वर्षांत वस्त्राने समुद्रास बाहेर ठेवण्याचा हट्ट सोडला, त्यातील थोडासा आत घेतला, आणि त्यास स्थिर राहावयास लावले. मात्र ते स्थिर राहते ते वस्त्र नेमके त्याच देहाचे असेल तेव्हाच. यंत्रे सर्वांस सारखी मिळतात. माप ज्याचे त्यास द्यावे लागते. ते काम कोकणच्या किनाऱ्यावर जितके चोख होईल तितकेच खापरखेड्याच्या एखाद्या शिंप्याच्या दुकानातही होऊ शकेल, फक्त त्याने त्या दिवसापुरती फितीखालची दोन बोटे काढून घेतली पाहिजेत.